चप्पल, क्लच आणि बोरघाट

आधी एक विनंती. हा भाग तुम्ही गाडी चालवताना ऐकत असाल आणि पायात रबरी चप्पल असेल, तर पुढे नीट जागा बघून गाडी बाजूला घ्या, चपला काढा आणि मागच्या सीटखाली टाका. मग ऐका. मी थांबते.

झालं? ठीक.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, हा भाग बोलला तसाच लिहून काढलाय. थोडे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

गोष्ट गेल्या जुलैतली. आम्ही वडगाव मावळचे. माझ्या मामाचं शेत नाणे मावळात. भातलावणीला आई आणि मी गेलो होतो, माझ्या सेकंडहँड गाडीतून. मॅन्युअल गाडी, तीन पेडल. लायसन्स येऊन चार महिने झाले होते, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटायचे दिवस. संध्याकाळी चिखलाचे पाय नळाखाली जेमतेम धुतले, ओल्या पायात दोन पट्ट्यांची चप्पल सरकवली आणि निघालो. कामशेतला हायवेला लागलो. पाऊस होताच.

कान्हे फाट्याच्या अलीकडे डाव्या पायातली चप्पल क्लचवरून सटकली. अंगठ्याचा पट्टा पिळला गेला होता. मी पायानेच ती झटकली आणि बाजूला ढकलली. बाजूला म्हणजे कुठे, ते बघितलं नाही. ती घरंगळत उजवीकडे गेली आणि ब्रेकच्या खाली जाऊन बसली. पुढे दुधाच्या कॅनचा टेम्पो होता. त्याचे लाल दिवे लागले. मी ब्रेक दाबला. पेडल दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं. रबराचा बॉल दाबल्यासारखं वाटलं. परत दाबलं, परत तसंच.

हँडब्रेक ओढला, दुसऱ्या गिअरमध्ये टाकलं, क्लच सोडला. गाडीने जोरात हिसका दिला आणि बंद पडली. टेम्पोच्या मागच्या फळीपासून वीतभर अंतर होतं. आईने दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवले होते, तिचं उजवं मनगट मुरगळलं. महिनाभर तिला पोळ्या लाटता आल्या नाहीत. ती मला एक शब्द बोलली नाही. फक्त त्यानंतर माझ्या शेजारी बसली नाही. कुठे जायचं तर लोकलने, नाहीतर शेअर रिक्षाने.

रात्री अण्णा, म्हणजे माझे वडील, टॉर्च घेऊन गाडीपाशी गेले. वाकून चप्पल बाहेर काढली आणि उलटी करून मला दाखवली. तळव्यावर ब्रेकच्या पेडलच्या रेघा उमटल्या होत्या. एकामागे एक, स्वच्छ.

“चपला काढून चालवायची ना पोरी,” एवढंच म्हणाले. “आणि काढल्यावर त्यांना जागा द्यायची.”

अण्णांनी सतरा-अठरा वर्षं मॅटाडोर चालवला. आकुर्डीत बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनायचा तो. आपल्या मावळात पॉलिहाऊसमधले गुलाब सुरू झाले, तेव्हा फेब्रुवारीत रात्री गुलाबाचे खोके भरून ते बोरघाट उतरून मुंबईला जायचे आणि सकाळी परत. कायम अनवाणी. मॅटाडोरचं इंजिन दोन सीटच्या मधे, त्यामुळे केबिन तापायची, पण चप्पल नाही घातली. सीटच्या मागे पत्र्यात त्यांनी दोन वाकडे खिळे ठोकले होते. चढताना चपला त्या खिळ्यांना अडकवायच्या, उतरताना काढायच्या. लहानपणी मला वाटायचं, केबिन म्हणजे देवघर आहे म्हणून असेल. दसऱ्याला गाडीची पूजा होते, हार चढतो, चाकाखाली लिंबू ठेवतात, तर त्यात चपला घालून कसं बसणार.

मी त्यांना आता विचारलं, की नक्की का? ते म्हणाले, “गाडी तळपायाला बोलती.”

या एका वाक्यावर मी पुढचे तीन महिने वाचत बसले. आजचा भाग त्यातूनच निघालाय. ड्रायव्हरच्या पायात काय असावं हा प्रश्न वाटतो साधा, पण त्याला मोठा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा आपल्या घाटातून जातो.

वडगाव म्हटलं की इतिहासवाल्यांना १७७९ आठवतं. मुंबईहून निघालेली इंग्रज फौज बोरघाट चढून आली आणि मराठ्यांनी तिला जानेवारीत इथे, वडगावात, कोंडून तहावर सही करायला लावली. महादजी शिंद्यांचा पुतळा त्यासाठीच आहे. तो विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र भाग करू. आज त्यातलं एकच घ्या. तोफा आणि सामान ओढत घाट चढणं ही त्या फौजेची मोठी डोकेदुखी होती, कारण चाकाच्या गाड्या सहज जातील असा रस्ताच नव्हता. चाकांसाठी बांधलेला रस्ता बोरघाटात सुरू झाला नोव्हेंबर १८३० मध्ये, सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. तोवर माणसं पायी, घोड्यावर किंवा पालखीत, आणि माल बैलांच्या पाठीवर.

रस्ता झाला आणि घाटात बैलगाड्या आल्या. आता गाडीवानाचा पाय आठवा. तो गाडीच्या पुढच्या टोकाला बसतो, पाय खाली सोडून. बैलाला पुढे काढायचं तर पायाचा अंगठा त्याच्या मांडीला लावतो. जोर कमी-जास्त करतो, आणि बैलाला कळतं. पेडलच म्हणा की ते! त्याला जोडा चालणार नाही, अंगठा मोकळा हवा. टांगेवाल्याचंही तेच, हात लगामावर आणि पाय घंटेवर. म्हणजे आपल्याकडे वाहन चालवणारा पाय मोटार यायच्या आधीच कामाला लागला होता, आणि तो बहुतेक उघडा होता.

घाट चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे तुम्हाला खंडाळ्यातून खोपोलीकडे उतरताना कळतं. युरोपात उतारावर गाडी आवरायला एक साधी युक्ती होती. लोखंडाची एक सपाता साखळीने गाडीला बांधलेली असायची. उतार आला की ती मागच्या चाकाखाली सरकवायची. चाक तिच्यावर चढतं, फिरायचं थांबतं आणि गाडी त्या सपातेवर घासत उतरते. इंग्रजांच्या तोफगाड्यांबरोबर हे सामान असायचं. इंग्रजीत त्याला ‘शू’च म्हणत. चाकाच्या पायातला बूट! आज कुठल्याही गॅरेजमध्ये जा, मिस्तरी सांगतो, “ताई, ब्रेक शू गेलेत.” तो शब्द तिथून आलाय. आपण रोज म्हणतो आणि बुटाचा विचारही मनात येत नाही.

मधेच एक, ‘सपाता’ हा शब्द पोर्तुगीज आहे. आपल्याकडे वहाण, पायताण, जोडा, चढाव, खेटर एवढे शब्द असताना आपण पोर्तुगिजांकडूनही एक घेतला. पायाच्या बाबतीत मराठी माणूस श्रीमंत आहे.

आता एकदम जर्मनीत जायचंय, पण धागा तोच आहे, उतार आणि चामडं. १८८८ चा ऑगस्ट. कार्ल बेंझने तीन चाकांची मोटार बनवून दोन वर्षं झाली होती आणि लोक ती विकत घ्यायला तयार नव्हते. त्याची बायको बर्था हिने नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. शंभर किलोमीटरच्या आसपास. मोटारीने एवढा लांबचा प्रवास त्याआधी कोणी केला नव्हता. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारांवर ब्रेक वापरून वापरून लाकडी ठोकळे झिजले. तेव्हा तिने एका गावात मोच्याला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं.

आपल्या ब्रेकमध्ये जे लायनर असतं ना, जे झिजलं की घाटात जळका वास येतो, त्याची गोष्ट तिथून सुरू होते असं मानतात. एका बाईची कल्पना आणि एका मोच्याचा हात. मी हे वाचलं तेव्हा आईच्या मनगटाला हळद लावत होते, म्हणून जास्त लक्षात राहिलं असेल.

पेडलांकडे येऊ. आज कुठलीही मॅन्युअल गाडी घ्या, डावीकडून क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर. आपल्याला वाटतं हे आधीपासून असंच असणार. नव्हतं. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत, जी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून जास्त बनली, पेडल तीनच होती, पण डावं पेडल गिअर आणि क्लच मिळून, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. आणि अ‍ॅक्सिलरेटर? तो हाताने, स्टिअरिंगजवळच्या दांड्याने! कल्पना करा, तुमच्या रोजच्या सवयीने मधल्या पेडलवर पाय मारला तर गाडी मागे यायला बघणार. काही युरोपीय गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर मधे आणि ब्रेक उजवीकडे असायचा, तेही १९३० च्या दशकापर्यंत. आजची मांडणी १९१६ च्या एका कॅडिलॅक गाडीत दिसते, आणि १९२२ ला आलेल्या छोट्या, स्वस्त ऑस्टिन सेव्हनने ती घरोघरी नेली.

या मांडणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, जी कोणी आपल्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सांगत नाही. मला तरी सांगितली नाही. माझ्या सरांनी आरसा शिकवला, हाफ क्लच शिकवला, आठचा आकडा काढून घेतला, पण बावीस दिवसांत एकदाही माझ्या पायाकडे बघितलं नाही. गृहीत काय, तर उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली राहते आणि त्या टाचेवर पाय कंपासासारखा फिरतो, ब्रेककडून अ‍ॅक्सिलरेटरकडे आणि परत. डावा पाय मात्र क्लचसाठी अख्खा उचलला जातो, खाली जातो, आणि मग हळूहळू वर येतो. म्हणजे उजव्या पायातल्या वस्तूची टाच घट्ट पाहिजे आणि डाव्या पायातली वस्तू पाय उचलल्यावर बरोबर उचलली गेली पाहिजे. हे डिझाइन करणाऱ्यांच्या पायात बूट होते. मागे बंद असलेले, नाडी बांधलेले बूट.

आणि आपली चप्पल? ती मागे उघडी.

यात चपलेचा दोष नाही. आपली चप्पल ज्या कामासाठी बनली त्यात ती हुशार आहे. दिवसातून वीस वेळा काढायची, वीस वेळा घालायची. घरात काढा, देवळात काढा, खळ्यावर काढा, कोणाच्या ओटीवर चढताना काढा. कोल्हापुरी बघा. बाभळीची साल आणि हिरड्याने कमावलेलं चामडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं, खिळा नाही. अंगठा, पट्टा, दोन बाजूंना कान. नवी असताना कडक, तेल पाजून पाजून पायाच्या आकाराची होते. चालायला उत्तम. पण क्लचवर? तळ कडक आणि जाड, त्यामुळे पेडल कुठे ‘धरतं’ ते पायाला कळत नाही. चामडं ओलं झालं की गुळगुळीत. टाच सैल, त्यामुळे पाय उचलला की चप्पल खाली लोंबते आणि तिची कड पेडलच्या मागे अडकू शकते. जी गोष्ट चपलेला सोयीची करते, झटकन निघणं, तीच मोटारीत घात करते.

मग इतकी वर्षं आपले ड्रायव्हर काय करत होते? दुसऱ्या महायुद्धात पुष्कळ मराठी जवान लष्करात ट्रक चालवायला शिकले, ते बुटांत. युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या जीप आणि ट्रक स्वस्तात निघाले, खाजगी वाहतूक वाढली. १ जून १९४८ ला एसटीची पहिली बस पुणे ते नगर धावली, अंगात खाकी. १९५४ पासून जमशेदपूरहून टाटाचे ट्रक यायला लागले. पण खेड्यातला जो पोरगा क्लीनर म्हणून चढला आणि बघून बघून ड्रायव्हर झाला, त्याला बूट कोण देणार? त्याने चप्पल काढली. त्या वेळच्या ट्रकमध्ये गिअर टाकणं म्हणजे कसरत होती. डबल क्लच मारावा लागायचा. क्लच दाबा, न्यूट्रल, क्लच सोडा, इंजिनचा आवाज जुळवा, परत क्लच दाबा, गिअर टाका. चुकलं तर गिअरबॉक्स किंचाळतो. घाटात, लोड भरलेला असताना. तेव्हा तळपायाला पेडलची थरथर कळणं ही चैन नव्हती. अण्णांचं ‘गाडी तळपायाला बोलती’ हे त्या पिढीकडून आलेलं शहाणपण आहे.

बोरघाटात जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटातली वाट इंग्रजांना दाखवणारा धनगर, अशी त्याची आख्यायिका. ड्रायव्हर लोक जाता जाता नाणं टाकतात, हात जोडतात. मी अण्णांना विचारलं, तुम्ही उतरून पाया पडायचात का? तर म्हणाले, “उतरायचं कशाला, आपण आधीच अनवाणी.”

हे ऐकून मी हसले. पण अनवाणी या शब्दाला आपल्याकडे दुसरी बाजू आहे, ती न सांगता पुढे गेले तर हा भाग खोटा होईल. चप्पल काढणं हे आपल्याकडे नेहमी श्रद्धेने किंवा सोयीने झालेलं नाही, ते करायला लावलेलंही आहे. अनेक गावांत सवर्णांच्या घरांवरून जाताना दलितांनी चपला हातात घ्याव्यात असा दंडक होता. ज्या हातांनी गावाच्या वहाणा शिवल्या, त्यांच्याच पायांना ही बंदी. साहेबांनीही हेच केलं. एतद्देशीयांनी साहेबासमोर जोडे काढून यावं हा रिवाज होता, आणि १८६० च्या दशकात सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी त्यावरून भांडण मांडलं, ते बरंच गाजलं. त्यामुळे साहेबी बूट हा मानाचा झाला आणि चप्पल ही गरिबाची खूण.

म्हणूनच एक अफवा इतकी पटकन खरी वाटली. सप्टेंबर २०१९ आठवतोय? केंद्राचा सुधारित मोटार वाहन कायदा १ तारखेला लागू झाला, दंडाचे आकडे बघून सगळे हादरले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरायला लागला की चप्पल घालून गाडी चालवली तर दंड. आमच्या आळीतल्या काकांनी तर डिकीत बुटांचा जोड ठेवला होता, चौक आला की घालायचा! शेवटी त्याच महिन्यात नितीन गडकरींच्या कार्यालयाने ट्विटरवर यादीच टाकली, की चप्पल घातली, अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला, लुंगी-बनियन घातलं, काच मळकी असली, जादा बल्ब नसला, म्हणून चलन फाडायची कायद्यात तरतूद नाही. टॅक्सी-रिक्षावाल्यांच्या खाकी गणवेशाचे नियम असतात, ती गोष्ट वेगळी.

बरं, ब्रिटनमध्ये काय? तिथल्या हायवे कोडचा ९७ क्रमांकाचा नियम सांगतो, की तुमचे कपडे आणि पादत्राणं अशी नकोत की गाडीचे कंट्रोल नीट वापरता येणार नाहीत. बुटाचं नाव नाही, चपलेचं नाव नाही. मला हा नियम आवडला. पायात काय आहे, हा प्रश्न तो विचारतच नाही. पाय काम करतो का, एवढंच विचारतो. तिथल्या मोटार संस्था सल्ला देतात तो असा, की तळ साधारण १० मिलिमीटरपेक्षा जाड नको, पण अगदी कागदासारखाही नको, आणि घोट्याची हालचाल मोकळी राहायला हवी.

आता यातली सगळ्यात गमतीची गोष्ट. १९६३ मध्ये इटलीत जियानी मोस्तिले नावाच्या माणसाने खास गाडी चालवायचा जोडा बनवला आणि त्याचं पेटंट घेतलं. मऊ चामडं, आणि तळाला सलग सोल न लावता रबराचे छोटे छोटे गोटे बाहेर काढलेले. पेडलवर पकड बसते आणि पायाला स्पर्शही कळतो. नाव ठेवलं ‘कार शू’. थोडक्यात, अण्णांचा तळपाय त्याने चामड्यात शिवला. ही कंपनी २००१ मध्ये प्राडाने ताब्यात घेतली. हो, तीच प्राडा. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये जिच्या मॉडेल्सच्या पायात आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि कोल्हापूरचं नावही घेतलेलं नव्हतं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. गदारोळ झाला, प्राडाने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं, आणि वर्षअखेरीला महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. एकाच घरात गाडी चालवायचा जोडाही आहे आणि गाडी चालवायला सगळ्यात गैरसोयीची चप्पलही. दोन्ही महाग.

मला यातलं काहीच परवडत नाही, तुम्हालाही नसेल. मी काय केलं ते सांगते. आधी अण्णांसारखं अनवाणी चालवून बघितलं. क्लच खरंच छान कळतो, हाफ क्लचला पेडल पायाखाली थरथरतं ते जाणवतं. पण पावसात ओला तळपाय पेडलवरून घसरतो. आणि एकदा मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक मारून बघितला, तर पूर्ण ताकद लावताना पाय दुखेल म्हणून मनच आखडतं. अण्णांचे तळवे वीस वर्षांत घट्ट झालेत, माझे नाहीत. मग कॉलेजचे स्पोर्ट्स शूज घातले, ते पळण्यासाठी बनवलेले, सोल फुगीर आणि बाहेर आलेला. ब्रेक दाबताना कड अ‍ॅक्सिलरेटरला लागली. तेही बाद.

शेवटी तळेगावच्या बाजारातून शाळेत पीटीला घालायचो तसले कॅनव्हासचे बूट आणले. पातळ सपाट रबर, मागून बंद, नाडी आखूड बांधलेली. ते गाडीतच असतात. घरातून निघताना पायात काय वाट्टेल ते असू दे, सीटवर बसले की बदलायचे. ट्रेकला जाताना जड बूट, लग्नाला जाताना हिल्स, सगळं मागे. हिल्सचं वेगळं सांगायला नको, टाच टेकायलाच जागा नसते, पाय फिरणार कशावर? पावसाळ्यात गमबूट घालून चालवणारे मी मावळात बघितलेत. त्यांना क्लच आहे की पायरी हेही कळत नसेल. आणि बसायच्या आधी तळवा पायपुसण्याला पुसायचा. भातखाचराचा चिखल म्हणजे वंगणच आहे.

आणि ड्रायव्हरच्या पायाशी काहीही ठेवायचं नाही. चप्पल नाही, पाण्याची बाटली नाही, सुटलेलं मॅट नाही. माझी चूक चप्पल घालण्याइतकीच तिला बेवारस सोडण्याची होती. अण्णांचे ते दोन खिळे मी वीस वर्षं बघत होते आणि मला ते दिसले नव्हते. मॅटाडोर कधीच भंगारात गेला, खिळेही त्याच्याबरोबर गेले.

गेल्या महिन्यात एकविरेला जायचं ठरलं. आईला म्हटलं, लोकलने मळवलीला उतर, मी गाडीने येते, तिथे भेटू. ती काही बोलली नाही. मी गाडीत बसून नाड्या बांधत होते, तर डावीकडचं दार उघडलं. आई येऊन बसली. बेल्ट लावला. मग माझ्या पायाकडे वाकून बघितलं.

“चपला कुठे ठेवल्यास?”

मी मागे बोट दाखवलं. सीटवर पडल्या होत्या, नुसत्याच. तिने हात लांब करून त्या उचलल्या, पिशवीतून प्रसादाचा नारळ बाहेर काढून मांडीवर घेतला, चपला पिशवीत घातल्या, पिशवीला गाठ मारली आणि स्वतःच्या पायाशी, घट्ट दाबून ठेवली.

“आता चल,” म्हणाली. “आणि हळू.”

तर हा होता आजचा भाग. तुमच्या घरात कोणी ट्रक, टेम्पो, एसटी चालवलेली असेल, तर त्यांना विचारा ते पायात काय घालायचे, आणि काढलेलं कुठे ठेवायचे. उत्तर व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात घेईन.